१९६३ की २०१८? बागूलांच्या पहिल्या आवृत्तीचा प्रश्न

‘दलित साहित्य ही अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याची मराठी नक्कल आहे’, हे विधान आपण कितीदा ऐकले असेल! कॉलेजच्या तासाला ऐकले, संमेलनाच्या मांडवात ऐकले, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना वाचतो. मांडणी ठरलेली असते. तिकडे ब्लॅक पँथर झाली, तिचे बघून इकडे दलित पँथर झाली आणि पँथरच्या पोरांनी दलित साहित्य जन्माला घातले. आपले कार्यकर्ते यावर चिडतात, तावातावाने बोलतात. खरे तर इथे तावाची गरज नाही, तारखेची आहे.

बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला ऑक्टोबर १९६६ मध्ये. मुंबईत दलित पँथर उभी राहिली १९७२ मध्ये. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ त्याच वर्षीचा. म्हणजे बागूलांचे पुस्तक ब्लॅक पँथरच्या तीन वर्षे आधीचे आणि दलित पँथरच्या नऊ वर्षे आधीचे. नक्कल करणाऱ्याने मूळ आधी पाहिलेले असावे लागते, एवढे तरी टीकाकारांना मान्य व्हावे.

यावर कुणी म्हणेल, ब्लॅक पँथरच्या आधीही काळ्यांचे साहित्य होतेच. रिचर्ड राइटची ‘नेटिव्ह सन’ १९४० ची आहे. होते ना. आणि तिकडच्या लढ्याशी आपले नाते आपण कधी नाकारलेही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाची चौकशी केली होती. मिलिंद महाविद्यालयाच्या म. ना. वानखेड्यांनी पुढे काळ्यांच्या साहित्याची ओळख मराठवाड्यातल्या आपल्या मुलांना करून दिली. पण हे दोन लढणाऱ्या समाजांचे एकमेकांकडे पाहणे आहे. त्याला उसनवारी म्हणायचे तर कोणत्या वर्षी, कुणी, कुणाकडून उसने घेतले ते दाखवावे लागेल. आणि १९६३ हे साल मधे आडवे येते.

विहितगावात १९३० साली जन्मलेले, माटुंगा लेबर कॅम्पमध्ये वाढलेले बागूल मिळेल ती कष्टाची नोकरी करत कथा लिहीत होते. नोकरीसाठी परमुलखात गेलेला तरुण राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि जात कळल्यावर त्याचे काय होते, ही शीर्षककथा लिहायला अमेरिका वाचायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला आणि आमच्या चांद्याला १६ ऑक्टोबरला धम्मदीक्षा दिली. त्या घटनेला सात वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा हे पुस्तक आले. त्याचा वंश शोधायचा तर त्या सात वर्षांत शोधा, आणि त्याआधी ‘जनता’ साप्ताहिकात आपली माणसे काय लिहीत होती त्यात शोधा.

आता खरी अडचण. ही तारीख आपल्याच मुलांच्या लिखाणात पुसली जाते आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडची आपली मुलेमुली आता एम.ए., पीएच.डी. करतात, आनंदच आहे. प्रबंधाच्या मागे संदर्भसूची असते. तिथे लिहिलेले असते: बागूल, २०१८. कारण हाताशी असतो तो जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद, आणि तो २०१८ मध्ये निघाला. मराठी प्रत असली तर ती अक्षर प्रकाशनाची नंतरची आवृत्ती असते, मग त्या आवृत्तीचे साल पडते. नियमाप्रमाणे मुलांचे काही चुकत नाही. जी प्रत वाचली तिचे साल लिहायचे. पण वाचणाऱ्याला काय दिसते? ‘गोलपिठा’ १९७२, ‘बलुतं’ १९७८ आणि बागूल २०१८! संदर्भसूची ही ज्ञानाची वंशावळ असते. तिच्यात आजोबांना नातवाच्या खाली बसवले, तर नक्कल केल्याचा आरोप करणाऱ्याला वेगळे कष्ट घ्यावेच लागत नाहीत.

म्हणून पहिली आवृत्ती ओळखता येणे हे शौकिनांचे काम आहे असे समजून चालणार नाही. कपाटात मिरवायला पहिली प्रत शोधणारे लोक असतात, त्यांना ती लखलाभ. आपल्याला ती साक्षीदार म्हणून हवी आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते.

पहिला घोटाळा ‘प्रथमावृत्ती’ या शब्दाचाच. मराठी पुस्तकावर हा शब्द दिसला की लोक खूश होतात. पण पुस्तक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेले की नवा प्रकाशक पुष्कळदा आपली मोजणी पहिल्यापासून सुरू करतो. त्याच्या दृष्टीने ती त्याची पहिली आवृत्ती असते, पुस्तकाची नसते. दलित लेखकांच्या बाबतीत हे जास्त घडले, कारण त्यांची पुस्तके एका घरात टिकली नाहीत. लहान प्रकाशक, थोड्या प्रती, मग वर्षानुवर्षे पुस्तक बाजारात नाही, मग कुणीतरी दुसरा पुढे येतो. ‘जात चोरली’ची जी प्रत आज दुकानात मिळते तिच्यावर अक्षर प्रकाशनाचे नाव आहे, आणि अक्षर ही संस्था १९६३ नंतर जन्मलेली. म्हणजे त्या नावाची कोणतीही प्रत, तिच्यावर काहीही छापलेले असो, मूळ पहिली आवृत्ती असू शकत नाही. यात अक्षरचा काही दोष नाही, उलट त्यांनी पुस्तक जिवंत ठेवले.

दुसरा घोटाळा ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांचा. मजकुरात बदल झाला, भर पडली, दुरुस्ती झाली तर ती नवी आवृत्ती. जसेच्या तसे पुन्हा छापले तर ते पुनर्मुद्रण. मराठीत हा फरक फार थोडे लोक पाळतात. पुनर्मुद्रणालाच ‘सहावी आवृत्ती’ म्हटले की पुस्तक खपते असे वाटते. त्यामुळे आकडा पाहून थांबू नये, मजकूर पाहावा. याचे सगळ्यात चांगले उदाहरण बाबासाहेबांचेच. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषण रद्द केल्यावर त्यांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ मध्ये स्वतः छापले. १५०० प्रती होत्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या, हे त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींनी ‘हरिजन’मध्ये केलेली टीका आणि तिला बाबासाहेबांचे उत्तर आले. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीला ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध जोडला गेला. तेव्हा कुणी गांधींना दिलेल्या उत्तरासकट असलेली प्रत दाखवून ‘ही पहिली’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालण्याचेही कारण नाही. कथासंग्रहालाही हीच कसोटी लावा. ‘दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने’ असे मनोगत आहे का? लेखकाच्या परिचयात पुढच्या पुस्तकांची, पुरस्कारांची नावे आहेत का? बागूलांचा ‘मरण स्वस्त होत आहे’ हा संग्रह १९६९ चा. त्याचा उल्लेख मलपृष्ठावर असलेली ‘जात चोरली’ची प्रत १९६३ ची कशी असेल?

आता शीर्षकाच्या पानाची पाठ उघडा. मुद्रकाचे नाव-पत्ता आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता इथे असतो, आणि तो प्रकाशकाच्या हौसेने आलेला नाही. १८५७ च्या उठावानंतर कोण काय छापतो यावर नजर ठेवायला इंग्रजांनी १८६७ मध्ये प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अ‍ॅक्ट आणला. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण, प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनाचे ठिकाण छापणे त्याने सक्तीचे केले. पाळत ठेवण्यासाठी केलेला कायदा आज आपल्याला इतिहास लिहायला कामाला येतो, ही गंमतच. (२०२३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. तो नियतकालिकांपुरता आहे, पुस्तके त्यातून वगळली आहेत. शंभर वर्षांनी आजची पुस्तके तपासणाऱ्याला ही सोय असेलच असे नाही.)

मुद्रकाच्या आणि प्रकाशकाच्या पत्त्याकडे नीट पाहा. ‘मुंबई १४’ किंवा ‘मुंबई ४’ असा एक-दोन आकडी विभाग असेल तर तो जुन्या पद्धतीचा पत्ता. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पिनकोड छापलेले पान १९६३ मध्ये छापले गेलेले नाही, विषय संपला. किंमत पाहा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि १ जून १९६४ पर्यंत त्यांना ‘नये पैसे’ म्हणत. ‘न. पै.’ असे लिहिलेली किंमत त्या सात वर्षांकडे बोट दाखवते. किमतीवर नवी चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ती ओरबाडू नका, पान उजेडाकडे धरून खालचे वाचा. आयएसबीएन क्रमांक असेल तर भारतात ती व्यवस्था फार पुढची, आणि ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक २००७ पासूनचा. बारकोडबद्दल तर बोलायलाच नको.

लिपीचीही साक्ष काढता येते, पण जपून. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. १९६३ हे त्या बदलाच्या ऐन तोंडावरचे साल. त्या वर्षीच्या पुस्तकात जुने अनुस्वार सापडतील किंवा सापडणारही नाहीत, कारण खिळे जुळवणाऱ्याचा हात एका आदेशाने बदलत नाही. आणि बागूलांची भाषा झोपडपट्टीतल्या बोलण्याची. तिच्यावर शुद्धलेखनाच्या फूटपट्टीने तारीख टाकणे अन्यायच होईल.

त्यापेक्षा बोट विश्वासू. त्या काळी अशी पुस्तके खिळ्यांवर छापत. खिळा कागदात रुतायचा. पानाच्या मागच्या बाजूने हलकेच बोट फिरवले तर अक्षरांचे उठाव जाणवतात. एखादा काना तुटलेला, एखादी मात्रा शाई न लागल्याने पुसट असे दोष दिसतात. ऑफसेटची छपाई बोटाला सपाट लागते. कुणी जुन्या पानांचे फोटो घेऊन ऑफसेटवर पुन्हा छापले तर तुटका काना तसाच दिसेल, पण उठाव नसेल. डोळ्याला फसवता येते, बोटाला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाही म्हणणारे पुरावे पक्के असतात, हो म्हणणारे कच्चे. पिनकोडमुळे एखादी प्रत १९६३ ची नाही हे ठामपणे सांगता येते. पिनकोड नसल्यामुळे ती १९६३ ची आहे हे सिद्ध होत नाही, कारण १९७० पर्यंत पुन्हा छापलेल्या प्रतीवरही पिनकोड नसणारच. शेवटी खात्री करायची तर प्रत दुसऱ्या प्रतीशेजारी ठेवूनच होते. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य ठरावीक ग्रंथालयांना पाठवावी लागते, त्यात मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. आपल्या प्रतीच्या शीर्षक-पानाचे, शेवटच्या पानाचे आणि पृष्ठसंख्येचे तिथल्या प्रतीशी जुळवणे हा राजमार्ग. गडचिरोलीच्या मुलाला कोलकाता लांब आहे हे मला कळते. पण मुंबईत शिकणारी आपली मुले आहेत, त्यांना एक फोन लावता येतो.

आमच्या भागात एक जास्तीचा पुरावा मिळतो, जो मुंबईच्या संग्राहकाला माहीत नसतो: शिक्का. जुन्या पुस्तकांवर वाचनालयाचा, वसतिगृहाचा, शाळेचा रबरी शिक्का असतो आणि त्यात जिल्हा असतो. आमचा जिल्हा १९६४ च्या सुमारास चांद्याचा चंद्रपूर झाला. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणून ‘जि. चांदा’ शिक्क्याची प्रत दिसली की थांबावे. मात्र जुना शिक्का झिजेपर्यंत वापरला जातो, नवा करायला पैसे लागतात, तेव्हा ‘चांदा’ हा इशारा समजावा, निकाल नव्हे. उलट बाजूने ‘जि. गडचिरोली’ असा शिक्का म्हणजे पुस्तक १९८२ नंतरचे असे नाही, शिक्का नंतरचा एवढेच. सगळ्यात भक्कम पुरावा असतो दाखल नोंदवहीचा. तिच्यात पुस्तक केव्हा आले, कितीला घेतले, बिल कुणाचे, हे एका ओळीत सापडते. पुस्तक फाटले तरी ती ओळ साक्ष देते. आणि गंमत अशी की जुनी पुस्तके ‘बाद’ करताना वाचनालये बहुधा आधी नोंदवहीच टाकून देतात!

शहरातले संग्राहक पहिल्या आवृत्तीची किंमत ठरवतात ती वेष्टनावर. वेष्टन कोरे, कोपरे शाबूत, आत कुणाचे नाव नाही, तर किंमत जास्त. म्हणजे जे पुस्तक कुणी वाचलेच नाही ते सगळ्यात मौल्यवान! आमच्याकडच्या विहारांतल्या, जुन्या वसतिगृहांतल्या प्रती याच्या बरोबर उलट असतात. मुखपृष्ठ गेलेले, जाड पुठ्ठ्यात बांधलेले, समासात पेन्सिलीच्या रेघा, मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांची रांग. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती तारखांची चिठ्ठीच खरा दस्तऐवज वाटावी. पुस्तक किती हातांतून गेले, कोणत्या महिन्यात जास्त गेले, वाचणारे कोण होते, हे वेष्टनात गुंडाळलेल्या प्रतीतून कधीच कळणार नाही. एक पुस्तक विकत घेणे परवडत नव्हते तेव्हा एका प्रतीने गाव वाचत असे. बांबू आमच्या जंगलातून बल्लारपूरच्या गिरणीत जायचा, त्याचा कागद व्हायचा, पुस्तके मुंबई-पुण्यात छापली जायची, आणि आमच्या गावात त्यातली एखादीच यायची. ती एक प्रत जपण्यासारखीच असणार.

ती जपली जात नाही, हे दुःख आहे. वाळवी आहे, पावसाळ्याची ओल आहे. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेचा पूर आला तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यात घरेच्या घरे पाण्यात गेली, तिथे पुस्तकांचे कोण विचारतो? पण पाण्यापेक्षा शांतपणे नेणारेही आहेत. विहाराची रंगरंगोटी निघते, कपाट रिकामे करायचे ठरते, जुनी पिवळी पुस्तके किलोवर जातात. एका गावात माझ्यासमोर दोन पोती गेली. समितीची माणसे भली होती. नव्या चकचकीत प्रती आल्या होत्या, जुन्या कशाला हव्यात, एवढाच त्यांचा विचार. अशाच जुन्या प्रतींना शहरात मोठी किंमत येते हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते, आणि मला तर किमतीपेक्षा त्या चिठ्ठ्यांची हळहळ वाटली.

इथे एक सावधगिरी. पहिली आवृत्ती म्हणजे पवित्र ग्रंथ, असा नवा अंधविश्वास आपण तयार करू नये. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये निघाला. त्यांनी लिहून ठेवलेली प्रस्तावना त्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही. त्या प्रस्तावनेत त्यांनी माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले होते. १९८० मध्ये भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली तेव्हा ती सर्वांसमोर आली. म्हणजे इथे पहिल्या आवृत्तीपेक्षा नंतरची, प्रस्तावनेसह असलेली प्रत लेखकाच्या जास्त जवळची आहे. पहिली आवृत्ती काय छापले गेले ते सांगते. काय गाळले गेले ते कळायला पुढच्या आवृत्त्या लागतात. इतिहास करणाऱ्याला दोन्ही हव्यात.

कथासंग्रहाच्या बाबतीत आणखी एक पायरी मागे जावे लागते. कथा संग्रहात येण्याआधी बहुतेक वेळा मासिकात किंवा साप्ताहिकात छापलेली असते. बागूलांचे नाव वाचकांपर्यंत आधी नियतकालिकांतूनच पोचले. म्हणून १९६३ ही कथा वाचकांसमोर येण्याची अलीकडची मर्यादा आहे. काही कथा त्याही आधीच्या. नक्कल सिद्ध करू पाहणाऱ्यांचे काम त्यामुळे अजून अवघड होते. तेव्हा विहारात पुस्तकांच्या शेजारी पडलेले जुने अंक, दिवाळी अंकसुद्धा, रद्दीत टाकण्याआधी चाळून पाहा.

प्रबंध लिहिणाऱ्यांना सांगणे एवढेच: संदर्भ देताना दोन्ही साले द्या. बागूल, १९६३/२०१८. किंवा मजकुरात पहिल्या उल्लेखालाच ‘१९६३ साली प्रथम प्रसिद्ध’ असे लिहा. मार्गदर्शकांनी हरकत घेतली तर त्यांना विचारा, मार्क्स-वेबरच्या बाबतीत मूळ सालाचा आग्रह कशासाठी धरता?

आणि विहार समित्यांना: कपाट रिकामे करण्याआधी प्रत्येक जुन्या पुस्तकाचे चार फोटो मोबाइलवर काढा. शीर्षकाचे पान, त्याची पाठ, शिक्का असलेले पान आणि मागची तारखांची चिठ्ठी. दाखल नोंदवही असेल तर तिची सगळी पाने. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर नवी पुस्तके घ्यायला तुम्ही येताच. येताना त्या फोटोंचा मोबाइल आणि ‘जि. चांदा’ शिक्क्याची एखादी प्रत असेल तर तीही पिशवीत घालून आणा. पुस्तकांच्या स्टॉलपाशी बसून आपण एकेक पान तपासू.